खालच्या आळीचे कागद

माझ्या दुकानातला रंगीत प्रिंटर एक पान काढायला साडेपाच मिनिटं घेतो. गिऱ्हाईक वैतागतं. "काकी, आता दुसरं मशीन घ्या," म्हणतं, आणि मी नुसती मान हलवते. हेच मशीन दीड मिनिटात पान देऊ शकतं, हे मला ठाऊक आहे. कसं, तेही ठाऊक आहे. पण आता मी ते करत नाही. पान पूर्ण बाहेर येईपर्यंत मी मशीनपुढून हलत नाही, आणि आलेलं पान दाराच्या उजेडात धरून वरपासून खालपर्यंत बघितल्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही. लोकांना वाटतं, बाई वयानं मंदावली. वाटू दे.

मी मुळात मंद नव्हे. भात शिजला का बघायला चार वेळा झाकण काढणारी मी. चहाला उकळी फुटायच्या आत गाळणं शोधणारी. माझं माहेर म्हसळ्याच्या अंगाला, डोंगरात. तिथं पाणी वरून येतं आणि खाली निघून जातं, त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. सासर उरण आणि पेणच्या मधल्या खारेपाटात. गावाचं नाव लिहीत नाही, तेवढी सावधगिरी अजून आहे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला बांधावर नेऊन उभं केलं. एका बाजूला भरतीची खाडी, दुसऱ्या बाजूला आमची शेतं, आणि शेतं खाडीच्या पाण्याहून खाली. शेतांच्या पलीकडे घरं, तीही खालीच. मधे काय, तर मातीचा एक बांध.

"ह्यो हाय म्हनून गाव हाय," सासरे म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. तो बंदरावर ट्रेलर चालवतो, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर असतो. त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघंच, सासरे आणि मी. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान: झेरॉक्स, फोटो, दाखले, ऑनलाइन फॉर्म. दाराबाहेर ओटी, आणि ओटीवर सासरे, बांधाकडे तोंड करून बसलेले.

चौमाशात अमावास्या आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, आणि अशा वेळी बांधावर पहारा लागतो. खेकडे बांधात बिळं करतात. भरती चढली की एखाद्या बिळातून पाणी झिरपायला लागतं, आणि त्या जागी वेळेवर चिखल आणि गोण्या पडल्या नाहीत तर तासाभरात बांध फुटतो. त्याला इकडे खांड जाणं म्हणतात. खांड गेली की खारं पाणी भातात शिरतं, आणि ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं हाताला लागत नाही. म्हणून गावातल्या तीन आळ्यांनी पहाऱ्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या आहेत. वरच्या आळीचा रंग तांबडा, मधलीचा निळा, खालचीचा हिरवा. देवीच्या पालखीला ज्या आळीचं जे फडकं बांधतात, तो तिचा रंग. ज्या आळीची पाळी असेल तिची चार-सहा माणसं भरतीच्या आधी बांधावर जातात आणि पाणी सोडायच्या दारापाशी रोवलेल्या बांबूला आपलं फडकं बांधतात. गावातून ते दिसतं. फडकं दिसलं की गाव निर्धास्त होऊन आपल्या कामाला लागतं.

या सगळ्यात एक रीत फार कडक आहे. एका आळीनं दुसरीला पाळीची आठवण करायची नाही. "आज तुमची पाळी ना?" असं विचारणं म्हणजे तोंडावर बेइमान म्हणणं. यावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत. तेव्हा कोणाची पाळी कधी, हे सांगायचा अधिकार गावात फक्त एका कागदाला, आणि तो कागद वर्षानुवर्षं माझे सासरे करत आले.

चौमाशातली सात उधाणं म्हणून सात ओळी. प्रत्येक ओळीत सहा दिवसांच्या सहा चौकटी. चौकटीत त्या दिवशीच्या आळीचा रंग. अक्षरं जवळजवळ नाहीत, कारण जुन्या माणसांना वाचता येत नाही आणि ज्यांना येतं ती पावसात चष्मा शोधत बसत नाहीत. असे साठ कागद, घरटी एक, ते रंगीत पेन्सिलींनी करायचे. त्याला पंधरा दिवस लागायचे. कागद झाला की तो आधीच्या कागदाशेजारी ठेवून एकेका चौकटीवर बोट टेकवत ते पुटपुटायचे, "तांबडा, तांबडा, हिरवा, हिरवा..." साठच्या साठ कागद असे. मला ते ऐकून घाम फुटायचा. एवढा वेळ माणसाकडे असतो कसा, असं वाटायचं.

मग एका वर्षी त्यांचा हात कापायला लागला. चौकटीतला रंग शेजारच्या चौकटीत जाऊ लागला. दोन दिवस त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा ओटीवर चुरगाळलेले कागद पडले होते आणि ते हात मांडीखाली दाबून बसले होते. मी म्हटलं, "बाबा, एक कागद नीट करा. बाकीचे मी मशीनवर काढते."

एक कागद करायला त्यांना चार दिवस लागले. पण तो सुरेख झाला. माझ्या हातात देताना म्हणाले, "सांबालून गो. गाव हाय त्यान."

जून महिना होता. शाळा-कॉलेजांचे प्रवेश, दाखले, दुकानात उभं राहायला जागा नाही. आणि प्रिंटर साडेपाच मिनिटांना एक पान देतोय. साठ पानं म्हणजे साडेपाच तास. मशीनची तऱ्हाही अशी की दोन बोटं रंगवायचं, थांबायचं, आत काहीतरी कुरकुरायचं, परत दोन बोटं. ते थांबणं माझ्या डोक्यात जायचं. माणूस असतं तर मी त्याला धक्का दिला असता.

पहिली वीस पानं मी तशीच काढली. ती वरच्या आळीची. सगळी सकाळ त्यात गेली. पहिलं पान निघालं तेव्हा सासरे आत आले, पान घेतलं, चौकटी-चौकटीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "ब्येस." मग विचारलं, "सगले असंच येतील ना?"

"मशीन आहे ते, बाबा," मी म्हटलं. "एक बरोबर तर सगळे बरोबर."

हे वाक्य मी हसून बोलले होते. आजही ते मला माझ्याच आवाजात, त्याच हसण्यासकट ऐकू येतं.

दुपारी मी मशीनच्या मागे लागले. फोनवर शोधलं, सेटिंगं उघडली आणि एकेक गोष्ट हाताला लागत गेली. आवाज कमी ठेवायची एक खूण होती, ती काढली. मशीन लगेच मोठ्यानं पण भरभर चालायला लागलं. कागदाचा प्रकार फोटोचा होता, तो साधा केला. मिनिट वाचलं. रंग भरणारं डोकं एकाच बाजूनं जाताना छापत होतं, ते दोन्ही बाजूंनी छापू दिलं. अजून एक मिनिट. पानं वाळायला ठेवलेला वेळ शून्यावर आणला. मधल्या आळीची वीस पानं तीन-तीन मिनिटांत निघाली. तीही सलग नाहीत, कारण मधेमधे गिऱ्हाइकांचे दाखले काढावे लागत होते. मला नशाच चढली. म्हसळ्याकडची बाई मी, पण त्या दुपारी मशीनचा लगाम माझ्या हातात होता.

खालच्या आळीची वीस पानं राहिली तेव्हा मी शेवटची कळ दाबली. प्रत सगळ्यात हलकी, वेग सगळ्यात जास्त. दीड मिनिट! मी वीसचा आकडा टाकला, मशीनकडे पाठ केली आणि एका मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरायला बसले. मागे पानं सटासट पडत होती. तो आवाज मला तेव्हा फार गोड वाटला.

महिन्यापूर्वीच पेणच्या शाईवाल्यानं मला सांगितलं होतं. शाई बाटलीत भरून देता देता म्हणाला, "मॅडम, ह्या मशीनची पिवळ्याची नळी हवा धरते. ते मधे थांबतं ना, तेव्हा शाई ओढून घेतं. त्याला थांबू द्या, लागोपाठ पळवू नका." मी हो म्हटलं होतं. पिवळ्याची टाकी अर्ध्याहून वर भरलेली होती, म्हणून मी बेफिकीर होते. टाकीतला रंग कागदावर यायला मधे एक बारीक नळी असते, हे मी विसरले.

संध्याकाळी कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायला बसले. आणि आता जे लिहिते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. खालच्या आळीच्या पानांचा तळ मला वेगळा दिसला होता. वरच्या चार ओळी ठीक, पण खालच्या तीन ओळी थंड पडल्यासारख्या. तांबडा जरा गुलाबी. हिरवा... मी पान ट्यूबलाइटखाली धरलं. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग निळसरच दिसतात, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारी मधल्या आळीचा कागद ठेवून बघायला एक क्षण लागला असता, पण मी तो ठेवला नाही. बाहेर सासरे विचारत होते, "झाले का?" आणि मला "झाले" म्हणायचं होतं.

पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो, हे दुसरीतल्या पोराला ठाऊक असतं. पिवळा नळीत अडकला की उरतो निळा.

कागद वाटले गेले. पहिली चार उधाणं बिनबोभाट गेली. बांबूवर तांबडं, निळं, हिरवं फडकं वेळेवर चढत होतं. सासरे रोज बघायचे आणि दरवेळी माझ्याकडे वळून मान हलवायचे. मी फुगून गेले होते. मशीन तर मी त्याच वेगावर ठेवून दिलं होतं. श्रावणात एक बाई फोटो परत घेऊन आली. "मेल्यावानी दिसतंय मी," म्हणाली. खरंच, तोंडावर रक्त नसल्यासारखा फोटो होता. मी तिला दुसरा काढून दिला आणि तेवढ्यापुरतं ते विसरून गेले.

पाचवं उधाण श्रावणातल्या अमावास्येचं. पहिले दोन दिवस तांबड्यांचे, ते त्यांनी नीट सांभाळले. तिसऱ्या दिवसापासून दोन दिवस हिरवा, मग दोन दिवस निळा. तिसरा दिवस सगळ्यात मोठ्या भरतीचा, दुपारी सव्वा एकला. गणपती दोन दिवसांवर आले होते. सकाळीच खालच्या आळीचे सगळे बाप्ये टेम्पो घेऊन पेणला मूर्ती आणायला गेले. जाताना ते गात होते. मी दुकानाच्या दारातून बघितलं आणि हात हलवला.

पाऊस नव्हता. वारा पडला होता आणि आभाळ खाली आलं होतं. अकराच्या सुमाराला रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी उलटं वाहायला लागलं, समुद्राकडून गावाकडे. एक खेकडा दुकानाच्या पायरीवर चढून बसला. मी त्याला झाडूनं ढकललं तर तो परत आला. आमची आळी मधली. आमच्या दाराला आमचा कागद लटकत होता आणि त्यावर त्या दिवसाची चौकट हिरवी होती, स्वच्छ हिरवी.

"बांबू रिकामा हाय," सासरे ओटीवरून म्हणाले.

"येतील," मी म्हटलं. माझ्याकडे मखराच्या रंगीत पानांची रांग लागली होती.

थोड्या वेळानं परत, "अजून फडका न्हाय."

"बाबा, ते पेणला गेलेत. कोणालातरी मागे ठेवलं असेलच की. फोन करून विचारा."

"इचारता येत न्हाय," ते म्हणाले. मी पुढचं पान मशीनला लावलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. फावडं उचलल्याचा आवाज आला. मी दारात आले तर ते काठी टाकून, खांद्यावर दोन रिकाम्या गोण्या घेऊन शेतातल्या वाटेनं निघाले होते. सत्तरी उलटलेला माणूस, हात कापणारा. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "काकी, माझी पानं?" आणि मी आत वळले. मला वाटलं, जातील, बघतील आणि येतील.

सव्वा एकच्या जरा आधी ओरडा झाला. "खांड गेली! खांड गेली!"

मी धावले तेव्हा शेतातली वाट उरली नव्हती. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात होतं आणि त्याच्यातून तपकिरी पाणी आवाज न करता पसरत येत होतं. मला वाटलं होतं बांध फुटतो तेव्हा गर्जना होत असेल. तसं काही नव्हतं. पाणी नुसतं येत होतं, घाई नसल्यासारखं, आणि मी बघत होते तोवर ते माझ्या गुडघ्याला लागलं.

मधल्या आणि वरच्या आळीची माणसं उंच कडेनं बांधावर पोचली. सासरे छातीपर्यंत चिखलात होते. झिरपणाऱ्या जागेत गोणी कोंबून तिला पाठ लावून ते उभे राहिले होते, आणि शेजारी दहा हातांवर दुसऱ्याच जागेतून बांध गेला होता. त्यांना ओढून काढलं तेव्हा ते एकच विचारत होते, "हिरवं कुटं हाईत? हिरवं का न्हाय आलं?" घरी आणून अंगावर गरम पाणी ओतलं तरी त्यांचे दात वाजत होते. त्या दिवसापासून त्यांच्या छातीत जी घरघर बसली ती शेवटपर्यंत गेली नाही.

ओहोटीला पाणी निघून गेलं. आठ दिवसांत भात जळालं, आणि जमिनीवर पांढरी साय धरली. गणपती कसेबसे बसले, पण मधली आळी खालच्या आळीच्या आरतीला गेली नाही आणि खालची मधल्या आळीच्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसलं.

मी बायकांच्या बाजूला, खांबाशी टेकून बसले होते. खालच्या आळीचा म्होरक्या आपला कागद हलवत उठला. "ह्यो बगा. निला हाय. पाचव्या वलीत चार दिस निलं हाईत. तुमची पाली व्हती."

मधल्या आळीतला एक जण उसळला. "आमच्या कागदाव हिरवा हाय! डोलं फुटलं का तुमचं? मूर्त्या आनाया गेलाव नि आता कागद दावताव?"

"मंग तुमी आमाला सांगितलं का न्हाय?"

"आमी सांगाचं? रीत हाय का आपल्यान?"

दोघंही आपापल्या जागेवरून कागद फडकावत होते, पण ते दोन कागद एकमेकांशेजारी कोणी ठेवत नव्हतं. एकाच्या हातात कोयती होती आणि देवळात येऊनही त्यानं ती खाली ठेवली नव्हती. चार दिवस निळे, हे शब्द ऐकले आणि मला तो ट्यूबलाइट आठवला, ती पिशवी आठवली, थंड पडलेल्या तीन ओळी आठवल्या. सगळं एकदम कळलं. मी खांब धरला.

"दोनी कागद हिकरं आना," सासरे म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि सवयीप्रमाणे बोट टेकवायला लागले. कापणारं बोट पहिल्या ओळीवरून दुसरीवर, तिसरीवर, चौथीवर गेलं. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. मग सहावी, सातवी. खालच्या आळीच्या कागदावर तिथून पुढे एकही हिरवी चौकट नव्हती. त्यांनी मान वर केली आणि बायकांच्या बाजूला बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या हातांकडे.

मग त्यांनी दोन्ही कागदांची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

"रंग मीच भरला," ते म्हणाले. "हात कापतो माजा. दोन तऱ्हेचं कागद झालं. चूक माजी हाय. मदल्यांची न्हाय नि खालच्यांची बी न्हाय."

"पन कागद तं मशीनवं काडलं ना?" कोणीतरी म्हणालं.

"मशीन काय करल? मी दिला तसा तिनं काडला."

मी उठायला हवं होतं. हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगते आहे, आणि दरवेळी त्या देवळात बसूनच राहते. पाय होते, तोंड होतं, गाव समोर होतं. मला भीती वाटली. कोयतीची वाटली, दुकानाची वाटली, आणि सगळ्यात जास्त त्या साठ घरांच्या डोळ्यांची वाटली. बाजूची बाई माझ्या कानात म्हणाली, "म्हातारा झाला गो, काय बोलाचं त्याला." आणि मी मान हलवली.

कोयती खाली ठेवली गेली. दोन्ही आळ्या उठल्या. म्हाताऱ्या माणसाला कोणी शिवी दिली नाही, कोणी जाबही विचारला नाही. फक्त म्होरक्या जाता जाता म्हणाला, "पुडच्या सालापासना कागद आमी पोरांकडना करून घेऊ, बाबा. तुमी ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि रडायला लागले. म्हटलं, "बाबा, माझ्या हातून झालं. मी घाई केली. मी आज सगळ्यांना सांगते."

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "पिवला संपला व्हता?"

"संपला नव्हता. अडकला होता. मला दिसलं होतं, बाबा. मी बघितलं नाही."

"मना वाटलाच," ते म्हणाले. रागावले असते तर मी सोसलं असतं. ते रागावले नाहीत. "आता सांगशील तं मी देवलान खोटा बोललो असं व्हईल. दोन आल्या तुज्या दारान येतील नि पोरगा घरी नसतो. झाला तो झाला. गप ऱ्हा."

खिशातले दोन्ही कागद त्यांनी माझ्या हातात दिले. न्हाणीच्या चुलीत ते मीच घातले. त्याच दुपारी मशीनची सगळी सेटिंगं मी होती तशी केली. साडेपाच मिनिटं. ते दोन बोटं छापून थांबलं की मीही थांबते. आत ते कुरकुरतं तेव्हा शाई ओढून घेत असतं, हे आता मला ऐकू येतं.

त्यानंतर सासरे ओटीवर बांधाकडे पाठ करून बसायला लागले. उधाणाच्या दिवशी रस्त्यानं जाणारी माणसं पूर्वी हटकून विचारायची, "बाबा, आज कितीला भरती?" ती आता मुकाट्यानं पुढे जायची. सासऱ्यांना भरतीची वेळ बोटांवर ठाऊक असायची, तरी कोणी विचारत नसे. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. म्हणूनच हे लिहिता तरी येतंय, आणि लिहिलं तरी हलकं वाटत नाही.

बांध फुटल्याच्या पुढच्या ज्येष्ठातली गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खालच्या आळीचा म्होरक्या दुकानात आला. पोरांनी केलेला नवा कागद त्याच्या हातात होता, तीन रंगांचा.

"काकी, साठ पायजेत. दमानं काडा, आमाला घाई न्हाय." मग आवाज खाली करून, पण पुरेसा खाली न करता, तो म्हणाला, "आनि एक सांगतो, राग मानू नका. ह्या कागदाला म्हाताऱ्याचा हात लागू देव नका."

सासरे तीन पावलांवर ओटीवर बसले होते. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. ते वळले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी काय उत्तर देते याची ते वाट बघत होते, आणि मला चांगलं कळत होतं की त्यांना कोणतं उत्तर हवंय.

"नाही लागू देणार," मी म्हणाले आणि कागद घेऊन मशीनच्या काचेवर ठेवला.